इंग्रजी पत्रात तीच चूक पुन्हा पुन्हा होते तेव्हा: मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी समस्या निवारण

लक्षणे

पुढील प्रकारची वाक्ये आपल्या पत्रांत किंवा मेलमध्ये वारंवार येत असतील, तर ही नोंद आपल्यासाठी आहे. इंग्रजी वाक्ये मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण ती मोठ्याने वाचून पाहणे हा दुरुस्तीचाच एक भाग आहे, आणि एका तपासणीत तर देवनागरीचा थेट उपयोग होतो.

– ‘वी आर मॅन्युफॅक्चरिंग कास्टिंग्ज सिन्स ट्वेंटी इयर्स.’
– ‘आय हॅड सेंट द ड्रॉइंग लास्ट वीक.’
– ‘वी डिड नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट.’
– ‘वी डिस्कस्ड अबाउट द रेट.’
– ‘ऑल्दो द मटेरियल वॉज रेडी, बट द ट्रक डिड नॉट कम.’
– ‘द लिस्ट ऑफ डिफेक्ट्स आर अटॅच्ड.’
– ‘वी विल डिस्पॅच द लॉट टिल टेन्थ.’

याखेरीज आणखी दोन लक्षणे आहेत. पहिले असे की एकदा दुरुस्त करून दाखवलेली चूक तीच व्यक्ती पुढच्या आठवड्यात पुन्हा करते. दुसरे असे की पत्र मिळालेला माणूस व्याकरणाबद्दल काहीही न बोलता भलताच प्रश्न विचारतो, आणि आपले वाक्य त्याला वेगळ्या अर्थाने कळले हे आपल्याला त्या प्रश्नावरून समजते. हे दुसरे लक्षण अधिक गंभीर आहे.

कोल्हापूर भागातील ओतकामाच्या (कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतून भाग बनवण्याच्या) एका लहान कारखान्यात ग्राहकांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. सुरुवातीला मी प्रत्येक चुकीपुढे इंग्रजी व्याकरणाचा नियम लिहून देत असे. त्याचा उपयोग फार थोडा झाला. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. या दोन्ही पिढ्यांचे लोक माझ्या टेबलासमोर बसले आहेत, आणि त्यांच्या चुका सारख्याच आहेत. इंग्रजी किती वर्षे शिकले यावर ही चूक अवलंबून नाही. वाक्य मनात मराठीत तयार होते, ते निर्दोष असते, आणि त्यातला एखादा प्रत्यय किंवा अव्यय जसाच्या तसा इंग्रजीत उतरतो. म्हणून दोष इंग्रजीत दिसत असला तरी तो शोधायचा असतो मनातल्या मराठी वाक्यात. पुढील तपासण्या सोप्यापासून अवघडापर्यंत लावल्या आहेत. त्या याच क्रमाने कराव्यात, कारण वरच्या तपासणीत अर्धे काम झाले की अवघड तपासणीसाठी वेळ आणि लक्ष शिल्लक राहते.

सर्वात आधी: हे इंग्रजीत लिहिण्याची गरज आहे का?

या तपासणीला एक मिनिटही लागत नाही, तरीही ती बहुतेक जण करत नाहीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, आणि राज्य शासनाच्या कार्यालयांत मराठी अर्ज चालतो. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. तरीही तहसील कार्यालयासाठी मोडक्या इंग्रजीत लिहिलेले अर्ज माझ्याकडे तपासायला आले आहेत, आणि ते मी तसेच परत करून मराठीत लिहायला सांगितले आहे. जी चूक करण्याची गरजच नाही, ती दुरुस्त करण्यात संध्याकाळ घालवू नये.

संगणकाची भाषा योग्य लावली आहे का?

मराठी आणि इंग्रजी एकाच संगणकावर लिहिणाऱ्यांच्या फाइलमध्ये तपासणीची भाषा अनेकदा मराठीवर राहिलेली असते. मग इंग्रजी मजकुराखाली एकही रेघ उमटत नाही, आणि लिहिणाऱ्याला सारे बरोबर असल्याचा भास होतो. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून तपासणीची भाषा ‘इंग्रजी (भारत)’ किंवा ‘इंग्रजी (युनायटेड किंगडम)’ करावी. लाल रेघ स्पेलिंगची आणि निळी रेघ व्याकरणाची असते. ‘डिड नॉट रिसीव्ह्ड’ सारखी चूक येथेच पकडली जाते. मात्र ‘टिल टेन्थ’ मधील ‘टिल’ खाली रेघ येण्याची अपेक्षा करू नये, कारण व्याकरणाने तो शब्द तेथे चालतो. तुम्हाला काय म्हणायचे होते ते संगणकाला ठाऊक नसते. रेघा संपल्या म्हणजे तपासणी संपली असे समजू नये.

‘अ’ की ‘ॲन’?

पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर ए, ई, आय, ओ, यू असेल तर ‘ॲन’, असे शाळेत सांगितलेले असते, आणि त्या अक्षरांवर भरवसा ठेवल्यामुळेच चूक होते. हा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. येथे मराठी माणसाच्या हाती एक सोपे साधन आहे: तो शब्द देवनागरीत लिहून पाहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘युनिट’ य ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिट’. ‘अवर’ अ ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘वन-टाइम ऑर्डर’ व ने सुरू होते, म्हणून ‘अ वन-टाइम ऑर्डर’. आद्याक्षरांनाही हीच कसोटी लागते: ‘ॲन एफओबी प्राइस’, पण ‘अ सीआयएफ प्राइस’, ‘ॲन आयएसओ सर्टिफिकेट’, ‘ॲन एसजी आयर्न कास्टिंग’. एका अपवादाची आठवण ठेवावी. ‘इयर’ हा शब्द आपण इ ने लिहितो, पण इंग्रजीत त्याचा उच्चार य ने सुरू होतो, म्हणून ‘अ इयर’ हेच बरोबर.

मोजता न येणाऱ्या वस्तू मोजल्या आहेत का?

इन्फर्मेशन, इक्विपमेंट, मशिनरी, फर्निचर, ॲडव्हाइस, एव्हिडन्स, सॉफ्टवेअर, फीडबॅक आणि स्क्रॅप या शब्दांना या अर्थी अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. ‘माहिती’ला मराठीतही आपण अनेकवचन करत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन्स’ टाळणे त्या मानाने सोपे जाते; पण ‘सल्ला–सल्ले’, ‘पुरावा–पुरावे’ असे आपल्याकडे होत असल्याने ‘ॲडव्हाइसेस’ आणि ‘एव्हिडन्सेस’ सहज लिहिले जाते. संख्या सांगायचीच असेल तर ‘टू सेट्स ऑफ इक्विपमेंट’ किंवा ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ असे लिहावे. कंट्रोल आणि एफ दाबून हे शब्द मजकुरात शोधावेत. काम दोन मिनिटांचे आहे.

एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे का?

‘जरी माल तयार होता, तरी ट्रक आला नाही’ या वाक्यात मराठीला जरी आणि तरी ही जोडी हवीशी वाटते. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ यांपैकी एकच ठेवावा लागतो. ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ मधून ‘ॲज... सो’ येते, ‘जेव्हा... तेव्हा’ मधून ‘व्हेन... देन’ येते, तेथेही दुसरा शब्द काढून टाकावा.

‘डिड नॉट रिसीव्ह्ड’ ही चूकही याच जातीची आहे. ‘आम्हाला पैसे मिळाले नाहीत’ या वाक्यात ‘नाहीत’ आले तरी ‘मिळाले’ हे रूप भूतकाळीच राहते, आणि तीच सवय इंग्रजीत जाते. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचललेला असतो, म्हणून पुढचे क्रियापद मूळ रूपात येते: ‘डिड नॉट रिसीव्ह’. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ यांतील दुसरा शब्द बिनदिक्कत खोडावा.

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये कोठे उतरली आहेत?

येथून पुढे मजकूर कागदावर छापून घ्यावा आणि पेन्सिल हातात असावी. प्रत्येक वाक्य मनात मराठीत म्हणावे, आणि ला, शी, वर, विषयी, पेक्षा ऐकू आले की थांबावे. ‘दराविषयी चर्चा केली’ यातील ‘विषयी’ म्हणजे ‘डिस्कस्ड अबाउट’ मधील ‘अबाउट’. ‘डिस्कस’ला त्याची गरज नाही, ‘वी डिस्कस्ड द रेट’ एवढे पुरते. ‘त्याला सांगितले’ मधून ‘टोल्ड टू हिम’ येते, तेथे ‘टोल्ड हिम’ हवे. ‘आमच्याशी संपर्क साधा’ मधून ‘कॉन्टॅक्ट विथ अस’ किंवा ‘कॉन्टॅक्ट टू अस’ येते, तेथे ‘कॉन्टॅक्ट अस’. ‘गुणवत्तेवर भर’ मधून ‘एम्फसाइझ ऑन क्वालिटी’ येते. क्रियापद वापरले तर ‘ऑन’ नको, नाम वापरले तर ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’ चालते. ‘पेक्षा’मुळे ‘प्रिफर रोड दॅन रेल’ होते, तेथे ‘टू’ हवा.

ही तपासणी मी वरच्या तपासण्यांनंतर ठेवली आहे, कारण यात एका नियमाने काम भागत नाही. कोणत्या क्रियापदाला कोणता शब्द लागतो हे एकेक करून लक्षात ठेवावे लागते. प्रत्येकाने स्वतःच्या चुकांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करावी. माझा अनुभव असा आहे की एका माणसाच्या नेहमीच्या चुका दहा-बाराच असतात, आणि त्या यादीचा उपयोग कोणत्याही जाड पुस्तकापेक्षा अधिक होतो.

पासून आणि पर्यंत

या दोन अव्ययांसाठी स्वतंत्र वेळ द्यावा, कारण त्यांच्या चुकीने तारखा बदलतात आणि पैसे अडकतात.

‘१९९८ पासून’ आणि ‘वीस वर्षांपासून’ यांत मराठीला फरक वाटत नाही. इंग्रजीला वाटतो. आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’: ‘सिन्स नाइन्टीन नाइन्टी-एट’, ‘फॉर ट्वेंटी इयर्स’. शिवाय क्रियापदही बदलते. ‘करत आहोत’ मधील ‘आहोत’ आपल्याला ‘आर’कडे ओढते, पण पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी ‘हॅव बीन’ लागतो. म्हणून पूर्ण वाक्य ‘वी हॅव बीन मॅन्युफॅक्चरिंग कास्टिंग्ज फॉर ट्वेंटी इयर्स’ असे होईल.

‘पर्यंत’ अधिक फसवा आहे. आमच्याकडून एका परदेशी ग्राहकाला एकदा ‘वी विल सप्लाय द कास्टिंग्ज टिल टेन्थ’ असे पत्र गेले. लिहिणाऱ्याला ‘दहा तारखेपर्यंत माल पोहोचवू’ असे म्हणायचे होते. ग्राहकाने ते ‘दहा तारखेपर्यंतच पुरवठा करू, नंतर बंद’ असे वाचले आणि पुरवठा का थांबवत आहात, असे विचारले. त्याने दुसरा पुरवठादार पाहण्याचीही तयारी केली होती. पत्र मी तपासले होते, आणि माझीही नजर त्यावरून घसरली, कारण मराठीत विचार करणाऱ्या मलाही ते वाक्य बरोबरच वाटले. तेव्हापासून ‘टिल’ आणि ‘अनटिल’ हे दोन्ही शब्द मी प्रत्येक पत्रात शोधून पाहतो. कसोटी अशी: ‘पर्यंत चालू राहील’ असा अर्थ असेल तर ‘टिल’, आणि ‘पर्यंत, म्हणजे उशिरात उशिरा तेव्हा, पूर्ण होईल’ असा अर्थ असेल तर ‘बाय’. ‘वी विल डिस्पॅच द लॉट बाय द टेन्थ.’

आहे, होता आणि तर

‘आम्ही काल माल पाठवला आहे’ हे उत्तम मराठी आहे. त्याचे ‘वी हॅव डिस्पॅच्ड द गुड्स यस्टरडे’ हे चुकीचे इंग्रजी होते, कारण काल, परवा, गेल्या सोमवारी अशी संपलेली वेळ सांगितली की इंग्रजी ‘हॅव’ स्वीकारत नाही. एक तर वेळ काढावी, नाही तर ‘हॅव’ काढावा: ‘वी डिस्पॅच्ड द गुड्स यस्टरडे’.

‘मी गेल्या आठवड्यात ड्रॉइंग पाठवले होते’ यातील ‘होते’ घटना मागे पडली एवढेच सांगते. इंग्रजीतील ‘हॅड’ मात्र दोन भूतकालीन घटनांपैकी आधीची कोणती, हे सांगण्यासाठी असतो. ‘वी हॅड कास्ट द लॉट बिफोर युअर मेल केम’ येथे तो योग्य आहे, कारण दुसरी घटना समोर आहे. दुसरी घटना नसेल तर ‘आय सेंट द ड्रॉइंग लास्ट वीक’ एवढेच लिहावे. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत ही चूक सर्वाधिक असते, आणि वाचणारा त्या दुसऱ्या घटनेची वाट पाहत राहतो.

‘तुम्ही ड्रॉइंग पाठवाल तर’ मधील भविष्यकाळ ‘इफ यू विल सेंड’ असा उतरतो. ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ ठेवावा: ‘इफ यू सेंड द ड्रॉइंग, वी विल स्टार्ट’. तसेच ‘आम्हाला समजत नाही’ याचे ‘वी आर नॉट अंडरस्टँडिंग’ करू नये. हॅव, नो, वाँट, नीड, अंडरस्टँड ही क्रियापदे अशा वाक्यांत चालू क्रियेच्या रूपात येत नाहीत.

लांब वाक्यातला कर्ता हरवला आहे का?

‘द लिस्ट ऑफ डिफेक्ट्स आर अटॅच्ड’ येथे मराठीच दुरुस्ती सुचवते. ‘दोषांची यादी जोडली आहे’ असे आपण म्हणतो. ‘जोडले आहेत’ म्हणत नाही. क्रियापद यादीशी जुळते, म्हणून ‘इज’. लांब वाक्यात क्रियापदाखाली रेघ ओढावी, ‘काय जोडली आहे?’ असे विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचे वचन पाहावे. ‘वन ऑफ अवर कस्टमर’ ही चूकही अशीच सुटते: ‘ग्राहकांपैकी एक’ या शब्दातच अनेकवचन आहे, म्हणून ‘कस्टमर्स’.

‘द’ कोठे लावायचा?

ही सर्वात अवघड तपासणी आहे आणि ती शेवटीच करावी. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, जशी ती रशियन किंवा जपानी भाषेतही नाहीत, त्यामुळे येथे मनातल्या मराठी वाक्यात हात घालून काही सापडत नाही. जे सांगायचे ते वाक्यात अध्याहृत असते. ‘तक्रार आली’ म्हटल्यावर ती कोणती हे आपल्याला संदर्भावरून कळते. इंग्रजीत ते प्रत्येक नामापाशी उघड सांगावे लागते.

मी प्रत्येक नामापुढे एक मराठी शब्द मनात ठेवून पाहतो. ‘एखादी’ किंवा ‘कोणतीतरी एक’ बसत असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. ‘ती, तुम्हाला माहीत असलेली’ बसत असेल तर ‘द’. दोन्ही बसत नसतील आणि नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारे असेल, तर काहीच लावत नाही. ‘वी रिसीव्ह्ड कम्प्लेंट फ्रॉम कस्टमर. कम्प्लेंट इज अबाउट क्रॅक इन कास्टिंग.’ या मसुद्यात तक्रार पहिल्यांदाच येते, म्हणून ‘अ कम्प्लेंट’; ग्राहक कोण हे वाचणाऱ्याला माहीत नाही, म्हणून ‘अ कस्टमर’; दुसऱ्या वाक्यात तक्रार ओळखीची झाली, म्हणून ‘द कम्प्लेंट’; भेग नवी आहे, म्हणून ‘अ क्रॅक’; आणि ज्या कास्टिंगबद्दल पत्र चालले आहे तेच ते, म्हणून ‘इन द कास्टिंग’. देशांच्या नावांत जर्मनी, इटली, जपान तसेच राहतात, पण ‘द नेदरलँड्स’ आणि ‘द युनायटेड स्टेट्स’ यांना ‘द’ लागतो.

या कसोटीने सारे प्रश्न सुटत नाहीत. एखाद्या नामापाशी दोनदा विचार करूनही निर्णय होत नसेल, तर त्याच अर्थाचे वाक्य त्या ग्राहकाच्या जुन्या पत्रांत शोधावे, आणि तेही सापडले नाही तर पुढे जावे. चुकलेल्या ‘द’मुळे सहसा अर्थ बिघडत नाही; चुकलेल्या ‘टिल’मुळे बिघडतो.

येथे थांबावे

काही कागदांवर घरगुती दुरुस्ती करूच नये. करारातील ‘शॅल’ आणि ‘मे’ यांत बंधन आणि मुभा एवढा फरक आहे, आणि तो फरक वकिलानेच पाहावा. उच्च न्यायालयात जाणारे कागद, प्रतिज्ञापत्र आणि कायदेशीर नोटीस यांनाही तेच लागू आहे. व्हिसासाठी द्यायच्या मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर संबंधित दूतावासाला चालेल अशा अधिकृत भाषांतरकाराकडून घ्यावे. पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग आपल्याला चुकीचे वाटले तरी पत्रात ते ‘सुधारू’ नये.

एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने पैसे देण्याची घेतलेली लेखी हमी) माल पाठवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. यूसीपी ६०० हे एलसीच्या व्यवहारांसाठीचे, २००७ पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की इनव्हॉइसमधील मालाचे वर्णन एलसीमधील वर्णनाशी जुळले पाहिजे. एलसीमध्ये ‘कास्टिंग’ असे एकवचन असेल आणि व्याकरणाला अनेकवचन हवे असेल, तरी इनव्हॉइसवर एलसीतील शब्दच जसेच्या तसे उतरवावेत. दुरुस्ती हवीच असेल तर बँकेमार्फत एलसीमध्ये सुधारणा मागावी.

शोधनिबंध किंवा पुस्तकाच्या हस्तलिखितासाठी व्यावसायिक भाषासंपादक घ्यावा. एरवीच्या पत्रात, एकच वाक्य तीनदा लिहूनही नीट होत नसेल तर ते मोडून दोन लहान वाक्ये करावीत. तीही जमत नसतील तर मदत घ्यावी.

मदत मागताना इंग्रजी मसुद्यासोबत मूळ मराठी मजकूरही द्यावा. फक्त इंग्रजी दिले तर तपासणारा ‘टिल टेन्थ’चे ‘अनटिल द टेन्थ’ करून देईल, वाक्य पूर्ण शुद्ध होईल, आणि तारीख चुकलेलीच राहील.